माशांच्या अंगावरील उवा वेळीच ओळखा

तळ्यातील मासे कारणावाचून उसळू लागले, खुंटांवर व दगडांवर अंग घासू लागले आणि टाकलेली पेंड तशीच राहू लागली, की पाणी बिघडले असा समज होतो. तसे असूही शकेल. परंतु प्रथम जाळे टाकून आठ-दहा मासे हाती घेऊन पाहावेत.

रोहू, कटला व मृगळ या माशांच्या अंगावर आर्ग्युलस नावाची ऊ आढळते. ती झिंग्याची दूरची नातलग होय. आकार तुरीच्या डाळीएवढा, शरीर चपटे व जवळजवळ पारदर्शक. त्यामुळे ती खवल्यासारखीच भासते. परांच्या मुळाशी, पोटाखाली व कल्ल्यांच्या मागे पाहावे. संशय येताच बोटाने हलके ढकलावे. खवला जागचा हलत नाही, ऊ मात्र सरकते. तपासणी जिवंत माशावरच करावयाची, कारण मासा मरताच उवा त्याला सोडून जातात. बाजारात नेलेला मासा स्वच्छ दिसला म्हणून तळे निर्धोक ठरत नाही.

ऊ सोंडेने कातडी भोसकून रक्त शोषते. त्या जखमेत पुढे बुरशी व जंतू शिरतात, आणि खरी हानी बहुधा त्यांच्यामुळे होते.

तिचा कमकुवतपणा तिच्या अंड्यांत आहे. मादी मासा सोडून दगड, लाकूड अशा कठीण वस्तूंवर अंडी चिकटविते. उष्ण पाण्यात ती दोन-तीन आठवड्यांत उबतात. म्हणून तळ्यात ठिकठिकाणी बांबू रोवावेत, दर आठवड्यास उपसून कडक उन्हात पूर्ण वाळवावेत व पुन्हा रोवावेत. खर्च जवळजवळ नाही, पण नियम मोडता कामा नये. चार आठवडे विसरलेला बांबू हा उवांचा पाळणाच होय.

नवे बीज सोडण्यापूर्वी 100 लिटर पाण्यात 3 किलो मीठ विरघळवून त्यात ते दोन-तीन मिनिटे बुडवावे. मासे कासावीस होताच लगेच काढावेत. ते पाणी तळ्यात ओतू नये. गळून पडलेल्या काही उवा जिवंत असतात.

पूर्वी यावर गॅमेक्झीन वापरीत. त्या बी.एच.सी. औषधावर 1997 साली देशात बंदी आली. पिकावरील कोणतेही कीटकनाशक अंदाजाने तळ्यात टाकू नये. मासे मरतील, आणि जगले तर विष खाणाऱ्याच्या पोटात जाईल. उपद्रव वाढल्यास मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास जिवंत मासा दाखवावा.

ही ऊ माणसास बाधत नाही. औषध न घातलेल्या तळ्यातील ताजा मासा धुऊन, नीट शिजवून खाण्यास हरकत नाही.