पुन्हा एकदा गिटार!

लग्नात माहेराहून काय काय आणलं याची यादी आपल्याला तोंडपाठ असते. पण काय काय मागे राहिलं, याची यादी कुणी करतं का? कुणाची पेटी राहिली, कुणाची सतार, कुणाची विशारदची परीक्षा. माझी गिटार तशी सासरी आली, पण कपाटावरच राहिली. बारा वर्षं तिच्यावर गाद्यांच्या खोळी रचल्या गेल्या. तक्रार नाही हं ही! मुलं लहान, माझी अर्धवेळ शाळा, सासूबाईंचं पथ्यपाणी, यात गिटार कुठं बसवणार? पण रेडिओवर आवडतं गाणं लागलं की डाव्या हाताची बोटं लाटण्यावरच पडदे दाबायला लागत, हेही खरं.

मैत्रिणींनो, एलिझाबेथ कॉटन हे नाव तुम्ही ऐकलंय? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात १८९३ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबात ही बाई जन्मली. लहानपणी भाऊ घरात नसला की त्याचा बँजो गुपचूप वाजवायची. मग लोकांकडे घरकाम करून पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरची गिटार घेतली. ही डावखुरी, गिटार उजव्या हाताची. शिकवणारं कुणी नाही. तिनं सरळ गिटार उलटी धरली. त्यामुळे खर्जाच्या तारा बोटांनी आणि गाण्याची चाल अंगठ्यानं, असा उफराटाच प्रकार झाला. आज जाणकार त्या वादनाला तिच्याच नावानं ओळखतात. ‘फ्रेट ट्रेन’ हे तिचं गाजलेलं गाणं तिनं शाळकरी वयातच रचलं होतं.

पुढं लहान वयात लग्न, पदरात मुलगी. चर्चमधल्या मंडळींनी सांगितलं, ही संसारी गाणी सोड. गिटार सुटली ती सुमारे चाळीस वर्षं! नंतर वॉशिंग्टनला एका दुकानात काम करताना तिला एक हरवलेली मुलगी सापडली. तिला आईकडे पोचवलं. ते सीगर नावाचं संगीतकारांचं घर. तिथंच तिला घरकाम मिळालं. घरात गिटार होतीच. कामातून सवड काढून ती वाजवायला लागली आणि बोटांना सगळं आठवलं! त्या घरातल्या मुलानं, माइक सीगरनं, तिचं वादन ध्वनिमुद्रित केलं, १९५८ साली तिची पहिली तबकडी निघाली. १९८५ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला तेव्हा तिनं नव्वदी ओलांडलेली होती. मला मात्र पुरस्कारापेक्षा, दुसऱ्याच्या घरची गिटार हातात घेतली तो क्षण मोठा वाटतो.

असो. तुमच्याही माळ्यावर गिटार असेल, तर उतरवल्यावर लगेच वाजवू नका. आधी दांडी वाकलीय का आणि तारा अडकवायची घोडी सुटलीय का, ते पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन्ही होतं. गंजलेल्या तारा काढून टाका. नायलॉनच्या तारांच्या गिटारला पोलादी तारा कधीही लावू नका, त्यांचा ताण तिला सोसत नाही. पेटी शिकलेल्यांना तारा मिळवणं सोपं आहे. लागोपाठच्या दोन तारांत सा-मचं अंतर असतं, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत सा-गचं. हल्ली मोबाईलही सूर दाखवतो म्हणा, पण कानानं मिळवण्यात मजा आहे.

बोटं दुखतील. तीनचार आठवड्यांत घट्टे पडले की त्रास कमी होतो. भांडी घासून लगेच वाजवायला बसू नका. पाण्यानं मऊ पडलेल्या कातडीला तार कापते. डाव्या हाताची नखं बारीक हवीत. उजव्या हातातल्या बांगड्या वर सरकवा, नाहीतर लाकडावर ओरखडे पडतात. आणि रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी.

ही वीस मिनिटं आणायची कुठून? मी घरात सांगून टाकलं, साडेपाच ते सहा मला हाक मारायची नाही. पहिल्या आठवड्यात रोज हाक आली. चहाचा डबा कुठाय, कंपास कुठाय, दूधवाला आलाय! मी उठले नाही. डबाही सापडला आणि कंपासही. “अगं, या वयात हे तुणतुणं कशाला?” असं सासूबाई म्हणाल्याच. मी हसून वाजवत राहिले.

हल्ली साडेपाचला त्याच मुलांना बाहेर दटावतात. परवा म्हणाल्या, “विठ्ठलाचं एखादं बसव की गं.” दोन ओळी बसल्यात. तिसरीत एका बोटानं सगळ्या तारा दाबायच्या आहेत, तिथं अजून सूर नीट उमटत नाही.