उताणा पडलेला जिंकतो तेव्हां

ख्रिस्तपूर्व ५६४ या वर्षीं ग्रीस देशांतील ऑलिंपिया येथें भरलेल्या क्रीडामहोत्सवांत फिगालिया गांवचा अ‍ॅरिकियन नांवाचा मल्ल पँक्रेशन नामक नियुद्धास उतरला. या नियुद्धांत चावणें आणि डोळ्यांत बोटें घालणें एवढ्या दोन गोष्टी वर्ज्य. बाकी मूठ, लाथ, पकड, पेंच, सर्व कांहीं चालत असे. मागील दोन महोत्सवांत अ‍ॅरिकियननें जय मिळविलेला होता. या खेपेस मात्र प्रतिस्पर्ध्यानें त्यास पायांच्या कैंचींत धरून त्याचा गळा आवळला. प्राण जाण्याच्या बेतांत असतां अ‍ॅरिकियननें प्रतिस्पर्ध्याच्या पायाचें बोट मोडलें. ती वेदना असह्य होऊन प्रतिस्पर्ध्यानें हार मानली, आणि त्याच क्षणीं अ‍ॅरिकियनचा प्राण गेला. एक मल्ल मेलेला आणि दुसरा शरण आलेला! पंचांनीं विजयाचा पर्णमुकुट प्रेताच्या मस्तकावर ठेविला. पॉसेनियस या प्रवासी लेखकानें ही हकीकत लिहून ठेविली आहे. फिलोस्ट्रेटसच्या मतें मोडलें तें बोट नव्हे, तर घोटा; पण तो वाद पंडितांनीं घालावा. जो शरण आला तो हरला, हा नियम एकदां मान्य केल्यावर पंचांचा न्याय चुकला असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं.

आज जगभर ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ या नांवानें जो खेळ चालतो, आणि ज्यास आपण सोयीसाठीं मिश्र मल्लविद्या म्हणूं, तो या पँक्रेशनचाच दूरचा भाऊबंद होय. जाळीनें वेढलेल्या आठ कोनी पिंजऱ्यांत दोघे उतरतात. एकजण बेशुद्ध झाला किंवा त्यास लढवेनासें झालें तर निकाल लागतो. वेळ संपली तर परीक्षक गुण मोजतात. आणि तिसरी रीत ही कीं, पेंचांत सांपडलेला मल्ल हातानें प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर अथवा जमिनीवर थाप मारतो, म्हणजे तो शरण आला. आपल्या भाषेंत थाप मारण्याचा अर्थ फार वेगळा आहे. परंतु पिंजऱ्यांतल्या थापेइतकें खरें दुसरें कांहीं नसतें.

हा खेळ आतां मोबाइलच्या पडद्यावरून आपल्या माजघरापर्यंत आलेला आहे, तेव्हां तो नाहींच असें समजून चालण्यांत अर्थ नाहीं. त्यांतील ठोसे आणि रक्त आम्हांस पाहवत नाहीं, आणि लहान मुलांनीं तें पाहूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. पकडीपेंचांचा भाग मात्र निराळा. त्यांत शास्त्र आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांतील आपल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें मल्लविनोदास स्वतंत्र जागा दिली आहे. एवढा बहुश्रुत राजा केवळ हाणामारीसाठीं शाई खर्च करील, हें संभवत नाहीं.

या खेळांतले अनपेक्षित जय पाहतांना आपली नजर फसते, आणि ती कां फसते तें आधीं सांगितलें पाहिजे. कोल्हापूर-सांगलीकडील मैदानें पाहिलेल्या मनुष्याच्या मनांत एक गोष्ट पक्की बसलेली असते: पाठ जमिनीस लागली कीं कुस्ती संपली. खालचा चीत झाला, वरचा जिंकला. मिश्र मल्लविद्येंत पाठ लागण्यास कांहीं किंमतच नाहीं. उलट, पाठीवर पडलेल्याचे दोन्ही पाय मोकळे असतात, आणि पाय हे हातांहून कितीतरी बळकट. वरचा मनुष्य जिंकत आहे असें आपण समजत असतां तो खालच्याच्या पायांत उतरत असतो.

ही गोष्ट अमेरिकेनें प्रथम पाहिली ती १२ नोव्हेंबर १९९३ रोजीं डेन्व्हर शहरांत. निरनिराळ्या युद्धविद्यांतले आठ वीर एका रात्रींत लढविण्यांत आले. त्यांत ब्राझिलच्या ग्रेसी घराण्यांतला रॉइस नांवाचा सडपातळ तरुण पांढरा अंगरखा घालून उतरला आणि तिन्ही लढती प्रतिस्पर्ध्यांस शरण आणून जिंकला. मित्सुयो माएदा हा जपानी जूडोपटु गेल्या शतकाच्या आरंभीं ब्राझिलांत जाऊन राहिला होता. त्यानें या घराण्यांतील थोरल्या पिढीस दिलेली विद्या या मुलाच्या अंगीं मुरलेली होती. तरीहि खरी परीक्षा पुढल्या वर्षीं, १६ डिसेंबर १९९४ रोजीं टल्सा येथें झाली. अंतिम लढतींत समोर डॅन सेव्हर्न हा कसलेला कुस्तीगीर. रॉइसचें वजन सुमारें ८० किलो, सेव्हर्नचें ११८ च्या घरांत. त्याच संध्याकाळीं सेव्हर्ननें एका प्रतिस्पर्ध्यास कमरेस मिठी घालून स्वतःच्या डोक्यावरून मागें आपटलें होतें. रॉइसलाहि त्यानें लगेच खालीं घेतलें, आणि पुढें पाव तासाच्या आसपास तो वरच होता. त्या वेळीं वजनाचे गट नव्हते, वेळेची मर्यादा नव्हती. पाहणारे म्हणत असतील, आतां हा मुलगा चिरडला जाणार. मुलगा मात्र पाठीवर पडून वाट पाहत होता. अखेर त्यानें एक पाय सेव्हर्नच्या मानेवर टाकला, दुसऱ्या पायाच्या गुडघ्याखालीं तो अडकविला, आणि १५ मिनिटें ४९ सेकंदांनीं त्या प्रचंड मनुष्यानें थाप मारली. मौजेची गोष्ट अशी कीं, लढत इतकी लांबली कीं प्रक्षेपणाची ठरलेली वेळ संपली आणि पैसे भरून पाहणाऱ्या पुष्कळ घरांत हा शेवट दिसण्यापूर्वींच चित्र बंद पडलें. पुढच्या स्पर्धेपासून वेळेची मर्यादा आली.

या डावास त्रिकोण म्हणतात, आणि त्याचें मर्म समजून घेण्याजोगें आहे. श्वास कोंडून मनुष्य हरतो असा सर्वसाधारण समज असतो. तो येथें लागू नाहीं. मानेच्या दोन्ही बाजूंनीं मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या धमन्या आहेत. त्रिकोणांत एका बाजूची धमनी जिंकणाऱ्याच्या मांडीनें दाबली जाते, आणि दुसरी दाबतो तो हरणाऱ्याचा स्वतःचाच खांदा! त्याचा एक हात त्याच्या मानेबरोबर आंत अडकलेला असतो ना, त्यामुळें. पकड बरोबर बसली तर आठ-दहा सेकंदांत शुद्ध हरपते. त्यांत बळाचें काम थोडें, कोनाचें फार. ४० किलो जास्त वजनाचा त्या जागीं उपयोग होत नाहीं, कारण मानेंतल्या धमनीस वजन माहीत नसतें.

सेव्हर्नची हकीकत तरी नव्या विद्येची ओळख नसल्यामुळें घडली असें म्हणतां येईल. पण ७ ऑगस्ट २०१० रोजीं ओकलंड येथें चेल सोनेन यानें जें केलें, त्यास ती सबब नाहीं. समोर ब्राझिलचा अँडरसन सिल्व्हा, २००६ पासून अजिंक्य. सोनेन हाहि मूळचा कुस्तीगीर. त्यानें पांच-पांच मिनिटांच्या चार फेऱ्या सिल्व्हास खालीं दाबून बडविलें. पांचवींतहि तोच वर. परीक्षकांनीं गुण मोजावयाचे तर वादच नव्हता. पांचवी फेरी संपण्यास १ मिनिट ५० सेकंद उरले असतां सिल्व्हानें खालून त्रिकोण टाकला, हात ओढला, आणि सोनेननें थाप मारली. तेवीस मिनिटें जिंकलेला मनुष्य शेवटल्या दोन मिनिटांच्या आंत हरला. आणि आश्चर्य असें कीं, दीड वर्षापूर्वींच दुसऱ्या एका ब्राझिली मल्लानें त्यास याच त्रिकोणानें हरविलें होतें. एकच चूक पुनःपुनः करणाऱ्या हुशार विद्यार्थ्यांचे चेहरे आम्हांस अशा वेळीं आठवतात. ज्या भागांत ते प्रवीण असतात, त्यांतच ते बेसावध होतात.

याच्या सहा आठवडे आधीं, २६ जून २०१० रोजीं सॅन होजे येथें त्याहून मोठा धक्का बसला होता. रशियाचा फिओदोर एमेल्यानेन्को हा जवळजवळ दहा वर्षें हरलेला नव्हता; २००० सालच्या डिसेंबरांत जपानांत त्याची एकच हार झालेली, तीहि जखमेमुळें लढत थांबविल्यानें. समोर ब्राझिलचा फाब्रिसियो वेर्दूम. लढत सुरू होतांच फिओदोरचे ठोसे आले, वेर्दूम मागें कोलमडला, आणि फिओदोर त्याच्यावर झेंपावला. आजवर असे कित्येक याच रीतीनें त्यानें संपविले होते. शिवाय अशा पायांच्या जाळ्यांत तो पूर्वीं जाऊन आलेला होता: नोगेरा नांवाच्या, पकडींत निष्णात अशा मल्लाशीं तो दोन वेळां पूर्ण लढला आणि दोन्ही वेळां नोगेराचे पाय त्यास अडकवूं शकले नव्हते. त्यामुळें त्यास भय वाटलें नाहीं. वेर्दूमचा पहिला त्रिकोण त्यानें सोडविलाहि. दुसरा सुटला नाहीं, आणि त्यांतच कोपर उलटें वळूं लागलें. १ मिनिट ९ सेकंदांत थाप पडली. लढतीनंतर फिओदोरनें कोणावर दोष ठेविला नाहीं. लोकांनीं आपली मूर्ति केली असली तरी आपण माणूसच आहों आणि माणसें हरतात, अशा अर्थाचें तो बोलला.

हा प्रसंग आमच्या नातीनें पाहिला होता. नववींत शिकणारी ती मुलगी आम्हांस विचारूं लागली, “आजोबा, त्याचा हात कांहीं मोडला नव्हता. मग त्यानें थाप मारली, म्हणजे तो भ्यालाच ना?” जवळ बसलेल्या तिच्या आजीनें तत्काळ “हात मोडून घ्यायचा कीं काय मग!” असें म्हणून वाद मिटविला. पण प्रश्न तेवढ्यानें मिटण्यासारखा नाहीं. क्षत्रिय शरण जात नाहीं असें बाळपणापासून ऐकलेल्या मुलांच्या मनांत तो यावयाचाच. आम्ही तिला उत्तरादाखल कांहीं हकीकती सांगितल्या, त्याच येथें देतों.

वर आलेल्या रॉइसचा पिता हेलियो ग्रेसी हा २३ ऑक्टोबर १९५१ रोजीं रिओ शहरांतील माराकाना क्रीडांगणांत जपानच्या मासाहिको किमुरा याच्याशीं लढला. किमुरानें त्याचा हात मागें पिरगाळला. हाड मोडलें तरी हेलियो शरण येईना. अखेर त्याच्या थोरल्या भावानें लढत थांबविली. त्या डावास ब्राझिली लोकांनीं जिंकणाऱ्याचें, किमुराचें, नांव दिलें, आणि तें आजहि चालतें. पराभव करणाऱ्याचें नांव स्वतः होऊन जपणें, हा गुण आम्हांस फार आवडतो.

१९ जून २००४ रोजीं लास व्हेगास येथें फ्रँक मीर यानें टिम सिल्व्हिया या धिप्पाड प्रतिस्पर्ध्याचा हात धरला. थाप पडली नाहीं. तरी पंच हर्ब डीन यानें ५० व्या सेकंदास लढत थांबविली. सिल्व्हिया संतापला, आपणांस कांहींच झालेलें नाहीं, लढूं द्या, असें तो म्हणूं लागला, आणि प्रेक्षकांनीं पंचाची हुर्यो केली. मग तोच प्रसंग मोठ्या पडद्यावर सावकाश दाखविण्यांत आला, आणि त्याच्या हाताचें हाड लवून मोडतांना सर्वांनीं पाहिलें. मोडलेला हात घेऊन तो मनुष्य लढण्यासाठीं भांडत होता! पुढें पंचाचा निर्णय योग्य होता हें त्यानेंहि मान्य केलें.

याच मीरची आणि वर उल्लेखिलेल्या नोगेराची गांठ १० डिसेंबर २०११ रोजीं टोरोंटो येथें पडली. लहानपणीं ट्रकखालीं सांपडून वांचलेला हा नोगेरा; सोसण्याविषयीं त्याची ख्याति. त्यानें ठोशांनीं मीरला झिंगविलें. आणखी चार ठोसे दिले असते तर लढत संपली असती. पण पकडींतला पंडितच तो, त्यास गळा धरण्याचा मोह झाला. मीर त्यांतून निसटला, कोलांटी घेऊन वर आला, आणि त्यानें किमुरा लावला. नोगेरा आजवर पेंचानें कधींच हरला नव्हता. तो थाप मारीना. दंडाचें हाड मोडलें, आणि मग थाप पडली. हाड बसविण्यास शस्त्रक्रिया करावी लागली. थाप आधीं पडती तरी निकाल तोच लागला असता. फरक फक्त हाडाचा.

स्त्रियांच्या लढतींत तर एकाच डावाची परंपरा पाहावयास मिळते, आणि नातीस तीच अधिक भावली. ५ मार्च २०१६ रोजीं लास व्हेगास येथें हॉली होम ही अजिंक्य स्त्री मीशा टेट हिच्याशीं लढत होती. पांचव्या फेरीपर्यंत होम गुणांत पुढें होती. टेट मागून तिच्या पाठीस बिलगली आणि हाताच्या विळख्यांत तिचा गळा धरला. होमनें थाप मारली नाहीं. ती समोरच्या मोकळ्या हवेंत ठोसे मारीत राहिली आणि ते मारतां मारतांच तिची शुद्ध गेली. पंचानें टेटचा हात सोडविला. (त्याच रात्रीं, केवळ अकरा दिवसांच्या सूचनेवर आलेल्या नेट डायझनें आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरला याच डावानें शरण आणलें, पण त्याचा बोलबाला इतका झालेला आहे कीं येथें विस्तार नको.) टेटचें अजिंक्यपद चारच महिने टिकलें. ९ जुलै २०१६ रोजीं ब्राझिलच्या अमांडा नुनेसनें पहिल्याच फेरींत मागून तिचा गळा धरला, तोच विळखा, आणि टेटनें थाप मारली. नुनेस मग पांच वर्षांहून अधिक काळ अजिंक्य राहिली. तिला कोणी हरवील ही कल्पनाच लोकांनीं सोडून दिली होती. ११ डिसेंबर २०२१ रोजीं जुलियाना पेन्या हिनें दुसऱ्या फेरींत तिलाहि त्याच विळख्यांत धरलें. नुनेसनें वाट पाहिली नाहीं, लगेच थाप मारली आणि धडधाकट उठून उभी राहिली. ३० जुलै २०२२ रोजीं तिनें पेन्याकडून तें पद परत जिंकलें, पण पांचहि फेऱ्या लढून, परीक्षकांच्या गुणांवर.