रामटेकचा प्रवास

रामटेक हे महाराष्ट्राच्या नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. ते नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. टेकडीवरील राम-लक्ष्मणांच्या मंदिरसमूहास ‘गडमंदिर’ म्हणतात. विदर्भातील भाविकांचे हे जुने तीर्थक्षेत्र असून वाकाटक राजवंशाचा इतिहास आणि कालिदासाचे ‘मेघदूत’ यांच्या अभ्यासकांनाही ते महत्त्वाचे वाटते. बहुतेक प्रवासी नागपूरहून वाहनाने येतात, गडावर दर्शन घेतात, खिंडसी तलावावर घटकाभर थांबतात आणि दोन-तीन तासांत परततात. या धावत्या भेटीत पाचव्या शतकातील मंदिरे जवळून जाऊनही पाहायची राहतात. महाराष्ट्रात डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी अनेक आहेत, पण दगड रचून बांधलेली इतकी जुनी मंदिरे फार थोडी उरली आहेत. त्यामुळे रामटेकसाठी निदान एक पूर्ण दिवस राखून ठेवणे योग्य ठरते.

नाव व परंपरा

वनवासात रामाने येथे विसावा घेतला, अशी लोकश्रद्धा आहे. ‘टेक’ या शब्दाचा अर्थ काही जण टेकडी असा करतात, तर काही जण प्रतिज्ञा असा. दुसऱ्या अर्थामागे रामाने येथे राक्षसांच्या संहाराचे व्रत घेतल्याची कथा आहे. अगस्त्य ऋषींचा आश्रम याच टेकडीवर होता, असेही मानतात. शंबूकवधाची कथाही स्थानिक परंपरेने याच डोंगराशी जोडली असून टेकडीवरील धूम्रेश्वर महादेवाचे स्थान त्या कथेची आठवण सांगते. येथील दगड लालसर असल्याने जुन्या साहित्यात या डोंगरास सिंदूरगिरी असेही म्हटले आहे.

कालिदासाच्या ‘मेघदूता’तील शापित यक्ष ज्या रामगिरीवर राहत होता तो हाच डोंगर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. छत्तीसगडमधील सरगुजा भागातील रामगढ टेकडीविषयीही असाच दावा केला जातो, त्यामुळे हा प्रश्न पूर्णपणे निकालात निघालेला नाही. रामटेकच्या बाजूने सर्वांत भक्कम आधार ताम्रपटाचा आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या होती. रिद्धपूर येथे मिळालेला तिचा ताम्रपट ‘रामगिरिस्वामी’च्या चरणांपासून दिलेला आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, असे सामान्यतः मानले जाते. टेकडीवर कालिदास स्मारक आहे, आणि १९९७ साली स्थापन झालेल्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाचे मुख्यालयही रामटेक येथेच आहे.

कसे पोहोचावे

नागपूर हे देशाच्या सर्व भागांशी रेल्वेने व विमानाने जोडलेले असल्याने बाहेरगावच्या प्रवाशाने प्रथम तेथे यावे. पुढील प्रवासाचे तीन मार्ग आहेत. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्या नागपूरच्या गणेशपेठ येथील मध्यवर्ती बसस्थानकावरून सुटतात. एकट्या-दुकट्या प्रवाशास हाच मार्ग सर्वांत सोयीचा पडतो. खाजगी वाहनाने जाणाऱ्यांनी कामठी-कन्हानमार्गे जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ धरावा आणि मनसर येथे उजवीकडे वळावे. तेथून रामटेक ६-७ किलोमीटर आहे. तिसरा मार्ग रेल्वेचा. कन्हानहून निघणारा लोहमार्गाचा फाटा रामटेक येथे संपतो. या मार्गावर गाड्या मोजक्याच असतात आणि रामटेक स्थानक गडापासून दूर आहे. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच पाहून ठेवली नाही, तर संध्याकाळी बसस्थानक गाठावे लागते.

गावातून गडावर जाण्यासाठी डांबरी रस्ता आहे. वाहन मंदिराच्या बरेच जवळ जाते, तरी शेवटचा टप्पा पायऱ्यांचाच आहे. गुडघेदुखीचा त्रास असलेल्यांनी व वृद्धांनी हे ध्यानात ठेवावे. यात्रेच्या दिवसांत वाहने खालीच अडवली जातात.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखद असतो. एप्रिलपासून जूनच्या पूर्वार्धापर्यंत पूर्व विदर्भात उष्णतेचा कहर असतो आणि मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचतो. या दिवसांत गडदर्शन सकाळी नऊच्या आत उरकावे किंवा सूर्य कलल्यावर वर जावे. मंदिराच्या आवारात पादत्राणे चालत नाहीत आणि दुपारी दगडी फरशी पाय भाजण्याइतकी तापते. त्यामुळे सोबत जाड मोजे असावेत. पाणी खालूनच भरून न्यावे. डोक्यावर पांढरा शेला वा दुपट्टा गुंडाळण्याची येथील रीत उन्हाळ्यात बाहेरच्यांनीही पाळावी.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो आणि ढग टेकडीला टेकतात. आषाढाच्या पहिल्या दिवशी साजऱ्या होणाऱ्या कालिदास दिनाच्या सुमारास साहित्यप्रेमी मुद्दाम येथे येतात. मात्र शेवाळलेल्या पायऱ्या या दिवसांत अतिशय निसरड्या असतात. विदर्भात विजा पडून दरवर्षी माणसे दगावतात. म्हणून गडगडाट सुरू होताच उघड्या तटावरून व झाडाखालून हटून पक्क्या इमारतीत जावे.

रामनवमी आणि कार्तिक पौर्णिमा या येथील मोठ्या यात्रा. कार्तिकातील यात्रा अनेक दिवस चालते. वैकुंठ चतुर्दशीला गावात शोभायात्रा निघते आणि पौर्णिमेच्या मध्यरात्री गडावर त्रिपूर जाळतात. हा सोहळा पाहायचा असेल तर गर्दी गृहीत धरूनच यावे, आणि शिल्पे निवांत पाहायची असतील तर नेमके हेच दिवस टाळावेत. दोन्ही हेतू एकाच फेरीत साधत नाहीत.

गडदर्शन

गडावर जाण्याची जुनी वाट अंबाळा तलावावरून आहे. डोंगराच्या कुशीतील या तलावाभोवती घाट आणि लहानमोठी मंदिरे आहेत. येथे अस्थिविसर्जन व पिंडदान होत असल्याने सकाळी घाटावर अनेक कुटुंबे विधीसाठी बसलेली असतात. त्यांची छायाचित्रे काढणे टाळावे. तलावापासून दगडी पायऱ्यांची वाट झाडीतून वर जाते. धडधाकट प्रवाशाने ही वाट चढावी आणि उतरताना रस्त्याने यावे. रस्त्याने वर येणाऱ्यास गड एकदम समोर दिसतो, तर पायऱ्यांनी येणाऱ्यास तो टप्प्याटप्प्याने उलगडतो. या चढणीसाठी तासाभराची सवड ठेवावी.

गडाच्या बाहेरच्या आवारात खांबांच्या उघड्या मंडपाखाली वराहाची भव्य मूर्ती आहे. ही वाकाटककालीन मूर्ती संपूर्ण वराहरूपात, म्हणजे माणसाचे धड नसलेली, एका अखंड दगडातून घडवलेली आहे. तिच्या पायांमधून सरपटत पलीकडे जाणारा निष्पाप ठरतो, अशी समजूत असल्याने येथे नेहमी हशा आणि गर्दी असते. ही कसरत कोणालाही बंधनकारक नाही. जाड अंगाच्या माणसाने पुण्याचा हिशेब अन्य मार्गाने करावा, हेच बरे.

पुढे भैरव दरवाजासारखी प्रवेशद्वारे ओलांडून गोकुळ दरवाजातून सर्वांत आतील चौकात प्रवेश होतो. तटबंदीचे आजचे रूप मुख्यतः नागपूरकर भोसल्यांच्या काळातील आहे. पहिल्या रघूजी भोसल्यांपासून या घराण्याची रामटेकवर विशेष भक्ती होती. आत राम आणि लक्ष्मण यांची स्वतंत्र मंदिरे असून लक्ष्मणमंदिर आधी लागते. या मंदिरातील यादव राजा रामचंद्र याच्या काळातील शिलालेखात येथील तीर्थांचे वर्णन आहे. लेख झिजला असल्याने सामान्य प्रवाशास तो वाचता येत नाही, पण तो नेमका कोठे आहे हे पुजाऱ्यांकडून विचारून घेता येते. तटावरून एका बाजूस गाव व भाताची शेते दिसतात आणि दुसऱ्या बाजूस खिंडसीचे पाणी.

गडावर काळ्या तोंडाची वानरे मोठ्या संख्येने आहेत. ती माणसाळलेली असली तरी हातातील पिशवी, प्रसाद आणि केळी हिसकावतात. खाद्यपदार्थ बंद झोळीत ठेवावेत. वानराने वस्तू ओढल्यास ती सोडून द्यावी, झटापट करू नये. लहान मुलांच्या हातात खाऊ देऊ नये. हौसेने चणे-शेंगदाणे चारणाऱ्या प्रवाशांमुळेच वानरांची ही सवय बळावली आहे.

वाकाटकांची मंदिरे

गडाकडे जाणाऱ्या वाटेजवळ, टेकडीच्या उतारावर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन मंदिरे आहेत. बाहेरून ती साधी, ठेंगणी व चौकोनी दिसतात आणि त्यांना उंच शिखर नाही. त्यामुळे पुढे धावणाऱ्या वाहनातून त्यांच्याकडे लक्ष जात नाही. आत मात्र लाल दगडातील बैठी, विशाल नरसिंहमूर्ती एकदम सामोरी येते. येथे हिरण्यकशिपूचा वध दाखवलेला नाही. हातात चक्र धरलेला देव शांत, जड अंगाने, गुडघा वर करून बसला आहे. नरसिंहाचे असे रूप महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसते. केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीवरील शिलालेख चुन्याच्या थरांखाली दडलेला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उजेडात आला आणि प्रभावतीगुप्तेच्या कुटुंबाशी या टेकडीचे नाते आणखी स्पष्ट झाले. गर्भगृहात अंधार असल्याने लहान विजेरी सोबत ठेवावी. तिचा झोत बाजूने टाकल्यास झिजलेले कोरीवकाम अधिक चांगले दिसते. भिंतींना हात घासणे, नावे कोरणे, लेखावर पाणी वा पावडर टाकून अक्षरे उठवू पाहणे हे सर्व हानिकारक असून संरक्षित स्मारकांत तो गुन्हाही आहे.

त्रिविक्रम मंदिराचा आज केवळ मंडप आणि पाय उचललेल्या विष्णूची भग्न मूर्ती उरली आहे. भोगराम मंदिर जोड गर्भगृहांचे असून चक्रधरस्वामींच्या वास्तव्यामुळे महानुभाव पंथीयांना ते पूज्य आहे. टेकडीच्या पायथ्याशी, वस्तीपासून जरा बाजूला असलेली कपूर बावली ही जलवास्तू मध्ययुगीन आहे. पाण्याभोवतीच्या कोरीव खांबांमुळे ती पाहण्यासारखी आहे. पण तेथील वाट एकाकी असल्याने स्थानिक सोबतीसह आणि उजेडी जावे. गावाजवळच्या शांतिनाथ दिगंबर जैन मंदिरातही देशभरातून यात्रेकरू येतात.

परिसर

नगरधनचा किल्ला रामटेकच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर आहे. आजची तटबंदी उत्तरकाळातील असून आतील विहिरीत खाली उतरल्यावर देवीचे ठिकाण लागते. २०१५ नंतर डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभाग यांनी नगरधन येथे केलेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. मनसर येथील हिडिंबा टेकडीवर विटांच्या भव्य मंदिराचे अवशेष उघडे झाले असून ते दुसऱ्या प्रवरसेनाच्या प्रवरपुराचे मानले जातात. बसने येणाऱ्यास मनसर परतीच्या वाटेवरच पडते. मात्र मनसरची सर्वांत प्रसिद्ध शिवमूर्ती तेथे नाही. १९७२ साली सापडलेली ती मूर्ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे ‘अजबबंगला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत, विदर्भातील शिल्पे पाहून मग रामटेकला आल्यास संदर्भ लवकर लागतात.

खिंडसी हा सूर नदीवरील बांधाने बनलेला ब्रिटिशकालीन जलाशय असून त्यास रामसागर असेही म्हणतात. येथे नौकाविहाराची सोय आहे. नावेत जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बसू नये आणि पोहण्यासाठी पाण्यात उतरू नये. पेंच व्याघ्र प्रकल्पाची सिल्लारी, चोरबाहुली व खुर्सापार ही प्रवेशद्वारे याच महामार्गाच्या परिसरात आहेत. जंगलफेरीची नोंदणी आधी करावी लागते आणि पावसाळ्यात गाभाक्षेत्र सामान्यतः बंद असते. गडदर्शन व जंगलफेरी एकाच दिवशी करण्याचा हट्ट धरल्यास दोन्ही अर्धवट होतात.

मुक्काम व खाद्य

गावात साधी निवासगृहे व धर्मशाळा आहेत, तर खिंडसीच्या काठी पर्यटक निवास मिळतो. यात्राकाळात जागा आधी ठरवावी लागते. अधिक सुखसोयी हव्या असल्यास नागपूरला मुक्काम करून पहाटे निघणे सोपे. गावात चहा, नाश्ता व जेवणाची साधी दुकाने असली तरी गडावर पोटभर जेवण मिळेल असे गृहीत धरू नये. मराठीबरोबर हिंदीही सर्वत्र समजते. रामटेकचे विड्याचे पान एकेकाळी दूरवर जात असे. बारई समाजाच्या पानमळ्यांचे क्षेत्र आता बरेच घटले आहे, तरी जेवणानंतर बाजारातील पानाच्या टपरीवर ‘रामटेकी पान’ नाव घेऊन मागावे. विक्रेता बहुधा ते कोणत्या मळ्यातून आले हेही सांगतो.