कोरी मासा सुटा विकू नका

सोलापुरात चादर-टॉवेलचा धंदा करताना आम्ही एक गोष्ट शिकलो. जोडीचा माल फोडून विकला की उरलेला नग अंगावर पडतो आणि गिऱ्हाईकही तुटते. शोभेच्या माशांचे दुकान चालवणाऱ्या बंधूंनी हाच हिशेब कोरी माशाला लावून पाहावा.

कोरी, पूर्ण नाव कोरीडोरस, हा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा छोटा मिशाळ मासा. दुकानांत दिसणारी कांस्यरंगी जात १८५८ साली त्रिनिदाद बेटावरून शास्त्राच्या नोंदीत आली. लांबी सहा-सात सेंटिमीटर, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांच्या रांगा. स्वभाव गरीब, सवय कळपाने राहण्याची. एकटा ठेवला तर कोपऱ्यात दडून बसतो, धड खात नाही. म्हणून किमान सहाचा संच द्यावा. गिऱ्हाईकाची टाकी तेवढी मोठी नसेल तर दुसरा मासा सुचवावा.

‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून तो खपवला जातो, हे बरोबर नाही. तो मिशांनी वाळू चाचपून अळ्या व सांडलेले खाद्य टिपतो. इतर माशांची विष्ठा खात नाही, काचेवरचे शेवाळही काढत नाही. त्याला तळाशी बुडणारे खाद्य वेगळे द्यावे लागते. वाळू बारीक, गुळगुळीत असावी. टोकदार खडीत व घाणीत मिशा खराब होतात.

आपल्याकडे मोठी अडचण उन्हाळ्याची. याला २२ ते २६ अंशांचे पाणी मानवते आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. कोरी अधूनमधून वर येऊन हवा गिळतो, ती आतड्यातून शोषतो. ही त्याची नेहमीची रीत. मात्र सारखा वर येऊ लागला तर पाणी बिघडले समजावे. टाकी उन्हातून हलवावी, हवेचा पंप चालू ठेवावा, पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा.

नको झालेला मासा सिद्धेश्वर तलावात सोडू नये, हेही गिऱ्हाईकाला सांगावे. असाच विकला जाणारा परदेशी सकर मासा देशातील अनेक नद्या-तलावांत पसरून बसला आहे.

सुटा विकलेला मासा आठवड्यात मेला, की टाकी माळ्यावर जाते आणि खाद्य, पंप, वाळू यांची पुढची विक्री बुडते. नीट सांभाळलेला कोरी पाच वर्षे व त्याहून जास्त जगतो. तितकी वर्षे ते घर आपल्या दुकानाची पायरी चढते. धंद्याची बरकत यातच आहे.