केस बाहेरूनच आत शिरतो

सलूनमध्ये वर्षानुवर्षे केस कापणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात कधी कधी बारीक छिद्र पडतं, पू येऊ लागतो. आत सापडतात ते गिऱ्हाइकांचे केस! १९४०च्या दशकात लंडनच्या पेटी आणि स्कार्फ या डॉक्टरांनी या छिद्राकडे बारकाईने पाहिलं. केस बाहेरूनही आत शिरू शकतो हे दिसलं आणि माकडहाडाजवळच्या अशाच केसांच्या छिद्राबद्दलचा, म्हणजे पायलोनायडल सायनसबद्दलचा जुना समज डळमळला. हा दोष जन्मजात असतो, असं तोवर बहुतेक शल्यविशारद मानत.

केसावर सूक्ष्म खवले असतात, टोकाकडे वळलेले. गळलेल्या केसाची मुळाकडची बाजू नितंबांमधल्या खाचेत त्वचेत रुतली, की हे खवले त्याला मागे येऊ देत नाहीत. बसता-उठता तो कपड्यात शिरलेल्या कुसळासारखा पुढेच सरकतो. घाम, घर्षण आणि तासन्‌तास बसणं त्याला मदत करतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातल्या जवळपास ८० हजार जणांना या दुखण्यासाठी रुग्णालयात दाखल करावं लागलं. जीपमधल्या प्रवासाशी जोडून त्याचं नावच ‘जीप डिसीज’ पडलं. आजही रुग्ण बहुतेक तरुण, आणि त्यांत मुलग्यांचं प्रमाण जास्त.

आपल्याकडे मुलं लाजेपोटी हे घरी सांगत नाहीत. केसतोड समजून दाबत बसतात, नाहीतर मूळव्याधीची पाटी पाहून भलत्याच ठिकाणी जातात. गळू झालं असेल तर चिरा देऊन पू काढावाच लागतो. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

पुन्हा पुन्हा चिघळणाऱ्या सायनसचा प्रश्न वेगळा. पूर्वी हाडापर्यंत मांस काढून जखम उघडी ठेवत. ती भरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागत. मधोमध टाके घातले तर तिथेच घाम, तिथेच नवे केस, आणि दुखणं परत. ग्रीक लष्करी शल्यविशारद कारिडाकिस यांनी टाके खाचेच्या एका बाजूला नेले आणि खाचच उथळ केली. हजारो शस्त्रक्रियांनंतर दुखणं उलटण्याचं प्रमाण त्यांनी सुमारे १ टक्का नोंदवलं. लिम्बर्ग फ्लॅप या शस्त्रक्रियेतही शेजारची त्वचा वळवून खाच सपाट करतात. सायनस लहान असेल तर दुर्बीण किंवा लेझरही चालतं. आयुर्वेदात क्षारसूत्र, म्हणजे क्षार लावलेला दोरा, वापरतात.

शस्त्रक्रिया ठरली तर डॉक्टरांना न संकोचता विचारा: टाके मधोमध येणार की बाजूला? आणि जखम भरल्यावरही तिथले केस काढत राहा.