विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धांतील बचाव आणि खिलाडूवृत्ती

प्रतिपक्षाला गुण मिळवू न देणे, हा सांघिक खेळाचा अर्धा भाग होय. म्हणून विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धांत एखादा संघ स्वतः गुण मिळविण्याचे सोडून दुसऱ्याच्या यंत्राची वाट अडवू लागला, तर तेवढ्यावरून त्याला अखिलाडू म्हणता येत नाही. प्रश्न निराळा आहे. अडविणे कोठे संपते आणि मोडणे कोठे सुरू होते?

हा प्रश्न आपणांस नवा नाही. पोंभुर्ण्याच्या मैदानावर कबड्डी खेळणाऱ्या मुलालाही त्याचे उत्तर ठाऊक असते. चढाई करणाऱ्यास पकडावे, पण त्याचा दम तोडण्यासाठी तोंड दाबू नये, गळा आवळू नये, पायांची कात्री घालू नये, इजा होईल अशी पकड करू नये, आणि हेतुपुरस्सर रेषेबाहेर ढकलू नये, असे कबड्डीचे नियम सांगतात. पकड ही खेळाचा प्राण आहे. निषिद्ध आहेत ते तिचे काही प्रकार. शिवाय येथे पंचाला खेळाडूचा चेहरा दिसतो, पवित्रा दिसतो, आणि त्यावरून हेतूचा अंदाज बांधता येतो.

यंत्राच्या बाबतीत नेमकी हीच सोय नाहीशी होते. धडक मुद्दाम दिली, की चालविणाऱ्याच्या हातून वेग आवरला गेला नाही, की संदेश पोहोचण्यास क्षणभर विलंब झाला, हे बाहेरून ओळखणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे हेतूवर आधारलेला नियम कागदावर कितीही उदात्त दिसला, तरी प्रत्यक्षात तो एकटा पुरत नाही.

अमेरिकेत डीन केमन यांनी 1989 साली स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या स्पर्धांतून यावर निघालेला तोडगा अभ्यासण्याजोगा आहे. मुद्दाम केलेली नासधूस तेथे दंडनीय आहेच. परंतु प्रतिपक्षाच्या यंत्राच्या चौकटीच्या आत शिरून त्याची हानी केल्यास हेतू विचारातच घेतला जात नाही. म्हणजे मनाच्या जागी भूमिती आली. मोठ्या यंत्रांच्या स्पर्धेत यंत्राभोवती गादीसारखे संरक्षक कठडे सक्तीचे असतात. कठड्याला कठडा भिडला तर तो खेळ. कठडा ओलांडून हात आत गेला तर तो अपराध. कोंडून धरण्यालाही काळाची मर्यादा आहे. दीर्घकाळ ती 5 सेकंदांची होती, 2025 च्या खेळात ती 3 सेकंदांवर आणली गेली. ‘व्हेक्स’ या दुसऱ्या स्पर्धेचे नियम आणखी एक पाऊल पुढे जातात : निकाल संशयास्पद असेल, तर गुण मिळविण्याच्या प्रयत्नात असलेल्या यंत्राला संशयाचा फायदा मिळतो. बचाव करणाऱ्याने आपल्या कृतीची जोखीम आपणच उचलावी, असा याचा अर्थ.

ही जोखीम बचाव करणाऱ्यावरच टाकणे न्याय्य का, हे पोंभुर्ण्यासारख्या ठिकाणाहून पाहिले म्हणजे चटकन ध्यानात येते. 2016 साली सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानामुळे सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांतून प्रयोगशाळा उभ्या राहू लागल्या, आणि वनप्रदेशातील मुलानेही यंत्र बांधावे ही कल्पना शक्यतेच्या कोटीत आली. परंतु मोठ्या शहरातील संघाजवळ जादा मोटारी, जादा चाके, क्वचित दुसरे यंत्रही तयार असते. दूरच्या संघाचे यंत्र एकच. त्याचा एक दंतचक्र-संच तुटला, तर चंद्रपूर वा नागपूर गाठल्यावाचून गत्यंतर नाही, आणि पुढची फेरी अर्ध्या तासावर आलेली असते. कबड्डीत गमावलेला गुण पुढच्या चढाईत परत मिळतो. येथे काही महिन्यांचे श्रम एका धडकेत निकामी होतात. सारखीच धडक दोन संघांना सारखी पडत नाही. हेतूकडे न पाहता परिणामाकडे पाहणारा नियम, कोरडा वाटला तरी, दुर्बळ संघाचा खरा कैवारी आहे.

दुसरा मार्ग खेळाच्या रचनेतच बचावाला जागा देण्याचा. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ‘रोबोकॉन’ ही महाविद्यालयीन स्पर्धा 2002 पासून भरते. 2008 व 2014 साली ती पुण्यात झाली, आणि 2008 चा विषय दहीहंडीवर बेतलेला ‘गोविंदा’ हा होता. येथे अधिक बोधप्रद ठरते ती 2022 ची, नवी दिल्ली येथे झालेली स्पर्धा. तिचा विषय होता ‘लगोरी’. एका संघाने चेंडू मारून पाच चकत्यांची रास पाडावयाची व पुन्हा रचावयाची. दुसऱ्याने ती रचू द्यावयाची नाही. पण रोखावयाचे कसे? रचणाऱ्या यंत्राच्या माथ्यावर एक चेंडू ठेवलेला, आणि बचाव करणाऱ्याने नेम धरून तो पाडावयाचा. येथे आक्रमकता पूर्ण आहे, किंबहुना तिच्यावरच सामना अवलंबून आहे. मात्र ती नेमबाजीत उतरते. उत्तम बचाव करण्यासाठी उत्तम यंत्र बांधावे लागते, केवळ जड यंत्र पुरत नाही. आपल्या गल्लीबोळांतील लगोरीतही हीच युक्ती होती, हे स्पर्धेच्या रचनाकारांनी बरोबर हेरले.

अर्थात ही रचना फेकण्याच्या खेळांनाच मानवते. जेथे दोन्ही संघांची यंत्रे एकाच जागेसाठी झटतात, तेथे अंगाला अंग लागणारच, आणि पंचाला सेकंद मोजीत उभे राहावे लागणारच. शिवाय सर्व मर्यादा पाळूनही, आधीच लंगडत चाललेल्या यंत्राला नियमात बसेल इतकाच वेळ वारंवार अडवून धरणारा संघ दंडास पात्र ठरत नाही. तेथे चालकाने काय करावे, हे नियमपुस्तिका सांगत नाही. ते संघाला यंत्र बांधतानाच आपसात ठरवावे लागते.