सुटकेनंतरचा पत्ता

१८९४ चा तुरुंग अधिनियम बाजूला सारणारे महाराष्ट्र कारागृहे व सुधारसेवा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झाले आणि कारागृहांच्या प्रकारांमध्ये महिलांचे खुले कारागृह व खुली वसाहत यांना त्यात जागा मिळाली. एकशेतीस वर्षांनी कायदा बदलल्याचे कौतुक व्हायचे तेवढे झाले आहे. मात्र असा कायदा कसाला लागतो तो त्याच्या नियमांत, आणि शिक्षा भोगून बाहेर पडणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर अधिकच. कारण शासनाने आणि दानशूरांनी आजवर तिच्या हाती मुख्यतः शिवणयंत्र दिले, आणि तिची अडचण शिवणाची फारशी कधी नव्हतीच.

शिवणयंत्रच का, याचे उत्तर कारागृहांच्या रचनेत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ अखेरच्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी स्त्रिया २३,७७२, म्हणजे शंभरात जेमतेम चार होत्या आणि १,३३० कारागृहांपैकी केवळ ३४ स्त्रियांसाठी स्वतंत्र होती. उरलेल्या ठिकाणी स्त्रियांचा विभाग म्हणजे पुरुषांच्या कारागृहात मध्ये भिंत घालून वेगळा काढलेला तुकडा. सुतारकाम, लोहारकाम, विणकाम यांचे कारखाने त्या भिंतीच्या पलीकडे राहतात आणि अलीकडे येते ते शिवण, भरतकाम, पापड, मसाले आणि गेल्या काही वर्षांत सौंदर्यप्रसाधनाचा अभ्यासक्रम. पापड लाटणे ही राज्यसंस्थेने खर्च करून शिकवावी अशी विद्या नव्हे. बहुतेक जणी ती घरूनच शिकून आलेल्या असतात. तमिळनाडूत पुळल येथे २०२३ मध्ये शिक्षा भोगणाऱ्या स्त्रियांनी चालवायचा पेट्रोल पंप सुरू झाला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते: तेथे रोख हिशेब आहे, अनोळखी गिऱ्हाईक आहे आणि बाहेर आल्यावर दुसऱ्या पंपावर सांगता येईल असा अनुभव आहे. कारागृहातील मजुरीचा प्रश्न वेगळाच आहे. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बंद्यांच्या कामाला न्याय्य वेतन द्यावे असे सांगितले, तरी प्रत्यक्ष दर किमान वेतनापासून फार दूर राहिले, त्यामुळे सुटकेच्या दिवशी हाती येणाऱ्या रकमेत शहरातल्या खोलीचे डिपॉझिट भागण्याची शक्यता कमीच.

खोलीच्या आधी पत्ता लागतो, आणि स्त्री बंद्यांची गोष्ट पुरुषांपेक्षा वेगळी होते ती याच ठिकाणी. संचित रजा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारी फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे कुटुंबातील अडचणीसाठी मिळणारी पॅरोल, या दोन्हींसाठी बंदीने जाण्याचा पत्ता आणि हमी घेणारे माणूस दाखवायचे असते आणि पोलीस तेथे जाऊन खात्री करतात. पुरुष बंदीच्या मुलाखतीला आई, बायको, बहीण रांगेत उभी असते. स्त्रीच्या मुलाखतीची रांग तुटपुंजी असते, हा कारागृहात काम करणाऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. सासरने संबंध तोडलेले असतात, माहेरी भावाच्या मुलींची लग्ने व्हायची असतात आणि नवऱ्याने पुष्कळदा दुसरा संसार मांडलेला असतो. रजेसाठी ज्या पत्त्याचा शोध निष्फळ ठरतो तोच पत्ता सुटकेनंतर शिधापत्रिका, बँकेचे खाते आणि मुलाचा शाळाप्रवेश यांसाठी पुन्हा मागितला जातो. त्यातच हिंदू वारसा अधिनियमाचे कलम २५ खून करणाऱ्यास मृताच्या मालमत्तेचा वारस होण्यास अपात्र ठरवते. या तरतुदीच्या न्याय्यतेविषयी वाद घालण्याचे कारण नाही, पण वर्षानुवर्षांच्या मारहाणीनंतर नवऱ्याच्या खुनासाठी शिक्षा झालेल्या स्त्रीला, घर नवऱ्याच्या नावावर असल्यास, परतायला छप्पर उरत नाही, हा तिचा व्यावहारिक परिणाम पुनर्वसनाच्या योजना आखताना क्वचितच विचारात घेतला जातो.

निराधार अवस्थेत सुटलेल्या स्त्रियांना केंद्राच्या स्वाधारगृह योजनेत, जी आता शक्ती सदन या नावाने चालते, लाभार्थी म्हणून जागा आहे. जागा आहे म्हणजे कागदावर आहे. कौटुंबिक हिंसेतून आलेल्या, मानवी व्यापारातून सोडवलेल्या आणि घरातून हाकललेल्या स्त्रियांसोबत त्याच छताखाली खुनाची शिक्षा भोगलेल्या स्त्रीला घेताना संस्थाचालक कचरत असतील, तर त्यांच्यावर नुसता ठपका ठेवून भागणार नाही. अशा प्रवेशांसाठी वेगळे मनुष्यबळ द्यावे लागेल.

पत्ता मिळाला तरी नोंद मागे राहते. शिक्षा भोगून ठरावीक वर्षे सरळ वागलेल्या माणसाची शिक्षा कायद्याच्या दृष्टीने कालबाह्य ठरावी, अशी सर्वसाधारण तरतूद भारतात नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांनी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ ने, काही गंभीर प्रकरणे वगळता, अल्पवयीनांना दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेतून मोकळे केले. परिवीक्षा अधिनियम, १९५८ नुसार न्यायालय दोषी ठरलेल्या व्यक्तीला शिक्षा देण्याऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते आणि अशा व्यक्तीला कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीशी जोडलेली अपात्रता लागत नाही. मात्र बक्षी राम प्रकरणात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या कलमामुळे दोषसिद्धी पुसली जात नाही आणि नोकरीत असलेल्यावर तिच्या आधारे खातेनिहाय कारवाई होऊ शकते. पुढे अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये याच न्यायालयाने पडताळणी अर्जात गुन्हा लपवणे आणि गुन्हा असणे यांत फरक केला, किरकोळ प्रकरणांत मालकाला उदारपणे विचार करण्यास वाव दिला, पण निर्णय मालकाच्याच हाती ठेवला. म्हणजे खरे सांगावे तर नोकरी मालकाच्या मर्जीवर आणि लपवावे तर केव्हाही जाणारी, अशा कात्रीत अर्जदार राहते.

हा कागदी खल वाटेल, पण सुटलेल्या स्त्रीला सहज मिळण्यासारखी कामे कोणती ते पाहिले की तो कागदी राहत नाही. घरकाम, रुग्णसेवा, लहान मुले सांभाळणे, शाळेतील मदतनीस, मॉलमधील सुरक्षारक्षक, या सगळ्या कामांत आज पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागण्याची रीत वाढली आहे. शिवाय ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावावरून खटला शोधता येतो. तो शोधणारा माणूस निकालाचा शेवट वाचेलच असे नाही, आणि २०२२ अखेर देशातील चारपैकी सुमारे तीन बंदी न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे होते, हे लक्षात घेता निर्दोष सुटलेल्यांनाही या शोधाची झळ लागते. फासेपारधी स्त्रीच्या बाबतीत तर संशय खटल्याच्याही आधीचा असतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लावलेला शिक्का १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावरही गेला नाही, आणि मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला कारागृहाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकायला सांगावे लागले.

शिक्षा कालबाह्य ठरवण्यासाठी ब्रिटनने १९७४ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि अलीकडच्या दुरुस्तीनंतर तेथे इंग्लंड व वेल्समध्ये एक वर्षापर्यंतची कैद शिक्षेची मुदत संपल्यावर एका वर्षाने, एक ते चार वर्षांची चार वर्षांनी आणि त्यापुढची, गंभीर हिंसक, लैंगिक व दहशतवादी गुन्हे सोडून, सात वर्षांनी कालबाह्य धरली जाते. मुलांशी वा रुग्णांशी संबंधित कामे यातून वगळलेली आहेत. भारतात असा कायदा करण्याची मागणी कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे दिसत नाही, कारण गुन्हेगारांना सूट दिल्याचा आरोप कोणालाच परवडत नाही.

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या १९९० मध्ये सुरू झालेल्या 'प्रयास' या प्रकल्पाने कायद्याची वाट न पाहता यातून एक व्यवहार्य मार्ग काढला. सुटून आलेल्या व्यक्तीला थेट बाजारात न पाठवता काही काळ दुसऱ्या सामाजिक संस्थेत विद्यावेतनावर कामाला ठेवायचे, म्हणजे पुढच्या मालकाला दाखवण्यासाठी कामाचा अनुभव आणि ओळख देणारे माणूस दोन्ही तयार होतात. ही पद्धत संथ आहे, माणसामागे खर्च मागते आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात मावत नाही. त्यामानाने महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यात आणलेली 'जिव्हाळा' योजना चटकन चर्चेत आली. बंद्याला कारागृहातील मजुरीच्या आधारावर पन्नास हजारांपर्यंत सात टक्के व्याजाने कर्ज देण्याची ती कल्पना चांगलीच आहे, पण ज्या मजुरीतून कर्ज फिटायचे ती सुटकेच्या दिवशी थांबते.

महाराष्ट्राने या विषयात सर्वांत धाडसी प्रयोग केला तो ना विद्यापीठात ना बँकेत, तर एका छोट्या संस्थानात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेला सत्ता सोपवणारी राज्यघटना दिली, आणि त्याच काळात पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखे बारह हाथ' या चित्रपटामागे ती प्रेरणा होती आणि त्याची कथा आटपाडी परिसरातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांची, हे मराठी वाचकाला सांगायला नको. चित्रपटात जे आले नाही ते अधिक मोलाचे होते: स्वतंत्रपुरात कैदी कुटुंबासह राहत, शेती करत आणि शिक्षा संपेपर्यंत त्यांचे घर मोडत नसे. सुटकेनंतरच्या पुनर्वसनाचा प्रश्न तेथे बव्हंशी आधीच सुटलेला असे, कारण पत्ता हरवलेलाच नसे.

पण या रचनेच्या मुळाशी एक गृहीतक होते. नवऱ्याला शिक्षा झाली तर बायको मुलांना घेऊन त्याच्याजवळ येऊन राहील, हे फ्रीडमन यांना गृहीत धरता आले. पडद्यावरचे सहा कैदी पुरुष आणि त्यांच्या जगात येणारी स्त्री रस्त्याने जाणारी खेळणीवाली, हेही त्या काळाला साजेसेच. बायकोला शिक्षा झाल्यावर नवरा तिच्या वसाहतीत येऊन नांगर धरील, अशी अपेक्षा आजही कोणी करणार नाही. येरवड्यात महिलांचे खुले कारागृह यापूर्वीच सुरू झाले आहे, पण कुटुंबासह राहण्याची वसाहत ही वेगळी गोष्ट आहे, आणि स्त्रियांसाठी तिचा नमुना नवरा वगळून मुलांभोवतीच आखावा लागेल. सध्या आर. डी. उपाध्याय प्रकरणातील २००६ च्या निर्देशांनुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच आईजवळ कारागृहात राहू शकते, त्यानंतर त्याची रवानगी नातेवाइकांकडे किंवा बालगृहात होते. २०२२ अखेर देशात अशी १,७६४ मुले आपल्या आयांसोबत कारागृहांत होती. ही मर्यादा भिंतींच्या आतले वातावरण मुलाला घातक म्हणून घातलेली आहे. भिंती नसलेल्या, शाळेच्या जवळ असलेल्या वसाहतीत ती लागू करायची की मुलाला आईची सुटका होईपर्यंत तेथेच शिकू द्यायचे, हे नियम लिहिणाऱ्याला एका स्वतंत्र पोटकलमात ठरवावे लागेल.